पोच न घेतलेला अर्ज

२४ जून १९७४, सोमवार

आज कॉलेज उघडलं. ही वही बिराजदार सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दिली होती. रोज चार ओळी लिही, डोक्यातला गाळ खाली बसतो, असं म्हणाले होते. सुट्टीभर एक ओळ लिहिली नाही, कारण सुट्टीभर मी आबांबरोबर विहिरी खोदत होतो, आणि दिवसभर पहार मारल्यावर बोटात पेन ठरत नाही. आजपासून लिहिणार.

बी. ए. चं दुसरं वर्ष. माझा गट मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान. हा गट मी निवडलेला नाही, वाट्याला आलाय. गेल्या वर्षी दुष्काळी कामावरून सुटून इथं पोचेपर्यंत जुलै संपत आला होता. हेडक्लार्क महारुद्र अण्णांनी प्रवेश संपले म्हणून तोंडावर खिडकी लावली. मागं सर उभे होते. त्यांनी माझा दंड धरला, थेट प्राचार्यांपुढं नेऊन उभं केलं आणि म्हणाले, तत्त्वज्ञानाला एक जागा आहे, हा माझा विद्यार्थी. सर अणदूरचे, आम्ही येडशीकडचे. ना नात्याचे ना जातीचे. तरी धरलं.

आता त्याच सरांना सांगायचंय की मला तुमचा विषय सोडून भूगोल घ्यायचाय. जीभ उचलत नाही.

२७ जून

सांगितलं. कॉलेजात धीर झाला नाही, म्हणून सरांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. सरांचा कप तसाच माझा कप. पहिल्यांदा आलो होतो तेव्हा मी सवयीनं कप विसळायला उठलो, तर काकूंनी हातातून काढून घेतला होता. सुमनबाई त्यांचं नाव, पण मी काकूच म्हणतो. या गावात असं घर मला दुसरं नाही, हे लिहून ठेवलेलं बरं.

सरांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावात उपसा सिंचनाची सहकारी संस्था निघाली. चेअरमन तात्याराव. संस्थेची विहीर कुठं घ्यायची ते पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून ठरवलं. खोदायला आबा आणि आमचीच माणसं. साठ फूट गेले, कोरडी ठणठणीत. शेवटच्या सुरुंगात आबांचा डावा कान गेला. मग भूजल खात्याची जीप आली. साहेबानं विहिरीतले थर पाहिले, नाल्याकडं दोनशे पावलं चालत गेला आणि टाच आपटून म्हणाला, इथं घ्या. तिथं अठ्ठावीस फुटांवर पाणी लागलं. ती जागा आबांनी घरात मायला कधीच सांगितली होती. आबा तसं बोलले तेव्हा तात्याराव सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, तुझ्याकडं कागद हाय का?"

मला तो कागद पाहिजे. त्या खात्यात सर्वेक्षण सहायक व्हायचं तर पदवीला भूगोल लागतो. भूगोल दुसऱ्या गटात आहे, आणि गटातला एकच विषय बदलायचा तर विद्यापीठाची खास परवानगी लागते. ३१ ऑगस्टच्या आत अर्ज जायला हवा, दोन्ही विषयांच्या प्राध्यापकांची शिफारस हवी आणि तो प्राचार्यांमार्फतच जायला हवा.

सरांनी कप खाली ठेवला. मग हसले. म्हणाले, "तुझी बाजू बरोबर आहे. मला ती खोडता येत नाही." आणि स्वतः कागद घेऊन अर्जाचा मसुदा लिहून दिला. इतकं सुंदर अक्षर मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. मी मोकळा होऊन बाहेर पडलो. काकू मात्र आज जरा गप्प होत्या.

३ जुलै

भूगोलाच्या सरांनी तासभर उलटतपासणी घेतली. पहिल्या वर्षाचा भूगोल तू केलेलाच नाहीस, कसं निभवणार, असं विचारलं. मी आमच्या भागातले थर सांगितले. वर मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे ठिसूळ दगड, मधे गेरूचा तांबडा पट्टा, त्याखाली काळा पाषाण, आणि पाणी लागलंच तर कुठं लागतं. ते म्हणाले, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? म्हटलं, दोरीला लोंबकळत वाचलंय. हसून सही केली.

६ जुलै, शनिवार

अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. महारुद्र अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, तत्त्वज्ञानाची शिफारस कुठंय? ती आण, कागद टेबलावर ठेव, शिक्का मारलेली पोच घे, मगच इथून हल. हा माणूस शाळेतल्या पोराशी बोलावं तसं बोलतो. तिरसट नंबर एक.

सर व्हरांड्यात भेटले. म्हणाले, ऑफिसात कशाला, दे माझ्याकडं. शिफारस सावकाश नीट लिहितो आणि माझ्या हातानं प्राचार्यांना देतो, कारकुनाच्या गठ्ठ्यात पडून राहायला नको. मी लगेच दिला. अण्णा खिडकीतून बघत होते. मी परत निघालो तर म्हणतात, "पोच घेतलीस का रे?"

आता सरांकडं पोच मागायची? ज्यांच्या घरी मी बरोबरीनं चहा पितो त्यांना म्हणायचं, सर, माझा कागद मिळाला असं लिहून द्या? मागताना जमिनीत गेलो असतो. अण्णांना असली माणसं भेटलीच नसतील, त्याला ते तरी काय करणार.

२० जुलै

परवानगी येईपर्यंत तत्त्वज्ञानाचे तास चुकवायचे नाहीत, असं सरांनी बजावलंय. बरोबरच आहे. सर हजेरीला फार पक्के. आम्ही दहाच जण, पण रोज नाव घेऊन, मान वर करून बघून हजेरी. ढोकीचा एक मुलगा आठ दिवस तापानं पडला तर सर मोसंबी घेऊन एस. टी. नं त्याच्या घरी गेले. त्याचे वडील कारखान्यावर वजनकाट्याला आहेत. ते म्हणत होते, पोराला कॉलेज सोडवून कामाला लावतो. सर तिथं दोन तास बसून त्यांची समजूत घालून आले. आज वर्गात म्हणाले, काही झालं तरी मधेच कुणी सोडू नका, निदान सप्टेंबर तरी निघू द्या.

विद्यार्थ्यासाठी इतकं कोण करतं? आणि अशा माणसाला आपण सोडून चाललोय, या विचारानं आज तासाला लक्ष लागलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

गावी आलोय. यंदा पाऊसपाणी ठीक आहे, ज्वारी कमरेला लागली. आबांबरोबर संस्थेच्या कोरड्या विहिरीवर गेलो. कडेनं वाकून मी थर मोजायला लागलो, तर आबा आपला चांगला कान माझ्याकडं करून ऐकत राहिले. सगळं बरोबर सांगितलं तेव्हा फक्त विडी पेटवली. त्यांचं कौतुक असंच असतं.

मग म्हणाले, कागद कुठवर आला? म्हटलं, गेला. "कुणी जाताना बघितला?" मी म्हटलं, आबा, सरांनी नेलाय. त्यावर त्यांनी विडी विझवली. घरी आल्यावर माय म्हणाली, तुझ्या सरांना एकदा जेवायला आण, आपल्या घरचं खातील का? मी म्हटलं, माय, सर तसले नाहीत.

१७ ऑगस्ट

आज सरांना सहज विचारलं, अर्जाचं काय झालं? चेहऱ्यावर थोडा त्रास दिसला. म्हणाले, "विद्यापीठ आहे ते, आपल्या गावचा बाजार नाही. माझ्यावर विश्वास आहे ना?" मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो ते खरं तर माफी मागायला. सर अजून आले नव्हते. काकू तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बब्रुवान, तुम्ही दुसरा अर्ज लिहून परस्पर ऑफिसात द्या ना. अजून चौदा दिवस आहेत."

मी समजावून सांगितलं की एकाच विषयाचे दोन अर्ज गेले की विद्यापीठात घोटाळा होतो. त्या म्हणाल्या, तरी द्या. तेवढ्यात सर आले आणि त्या आत गेल्या. घरातल्या बाईमाणसाला ऑफिसची पद्धत कशी कळणार, पण काळजी करतात हे खरं.

सरांनी मला त्यांचं तर्कशास्त्राचं जाड पुस्तक भेट दिलं. पहिल्या पानावर लिहिलंय, चि. बब्रुवान यास, सस्नेह.

३१ ऑगस्ट, शनिवार

आज शेवटची तारीख. सर म्हणाले, आपलं काम आपण केलंय, आता निवांत राहा. निवांत आहे. वसतिगृहातल्या पोरांना मी आतापासूनच साहेब म्हणायला लावलंय.

११ सप्टेंबर, बुधवार



विषयबदलाची उत्तरं आल्याचं कळलं म्हणून ऑफिसात गेलो. आमच्या कॉलेजातून दोघांचे अर्ज गेले होते, दोघांनाही परवानगी मिळाली. त्यात मी नाही. अण्णांना म्हटलं, माझा तिसरा. ते म्हणाले, तुझा इथून गेलेलाच नाही. मी आवाज चढवला. नको ते बोललो. आमच्या पोरांचे कागद बरे तुमच्याकडं गहाळ होतात, असंसुद्धा म्हणालो.

अण्णा चिडले नाहीत. त्यांनी जावक रजिस्टर काढलं, माझ्याकडं फिरवलं आणि सहा जुलैपासून एकेक पान माझ्यापुढं उलटत गेले. एकतीस ऑगस्टपर्यंत. एवढ्या नोंदीत माझं नाव कुठंच नव्हतं. मग आवक रजिस्टर काढलं. तिथंही नव्हतं. कागद सरांच्या हातून प्राचार्यांपर्यंत गेलाच नाही.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "मी तुला पोच घे म्हणत होतो."

मी माफी न मागता बाहेर पडलो. कुठंतरी चूक असेल. सर प्रवासात विसरले असतील, पुस्तकात राहिला असेल. उद्या जातो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो, नंतर मला खोटं वाटायला नको.

सर घरी नव्हते. काकूंनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता आत गेल्या. सरांच्या टेबलाच्या खणातून कागद आणून माझ्या हातात दिला. माझा अर्ज. भूगोलाच्या सरांची सही. आणि खाली तत्त्वज्ञान विभागाची शिफारस, पूर्ण नऊ ओळी, त्या सुंदर अक्षरात. 'हा विद्यार्थी असामान्य आहे. त्याला भूगोल नाकारणे म्हणजे भूगोलाचे नुकसान आहे.' खाली सही. तारीख ६ जुलै. म्हणजे ज्या दिवशी दिला त्याच दिवशी लिहिली होती. लिहिली आणि खणात ठेवली.

काकू म्हणाल्या, मी त्यांना रोज म्हणत होते. मग पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसल्या.

सर आले. कागद माझ्या हातात बघून चप्पल न काढता तसेच दारात थांबले. मी म्हणालो, का?

ते खाली बसले आणि सांगितलं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा नियम आहे की विषयाला दहा विद्यार्थी पाहिजेत. तीस सप्टेंबरला मोजणी होते. नऊ भरले तर विषय बंद आणि मास्तर घरी. तीन वर्षं झाली तात्पुरत्या नेमणुकीवर, यंदा कायम करणार आहेत. "तू गेलास तर नऊ उरतात, बब्रुवान. मी रोज सकाळी अर्ज पिशवीत टाकायचो आणि संध्याकाळी परत आणायचो."

मी म्हटलं, मग मला सांगायचं होतं. मी थांबलो असतो.

सर म्हणाले, "थांबला असतास म्हणूनच सांगवलं नाही."

हे वाक्य मला समजलेलं नाही. समजून घ्यायचंही नाही. मला एवढंच समजतं की माझा दंड धरून मला प्राचार्यांपुढं नेलं तेव्हासुद्धा ते डोकी मोजत होते. तो चहा, ते पुस्तक, सगळं दहा आकड्यासाठी. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरलो असतो. तात्यारावांनी आबांना चारचौघांत हिणवलं, पण तोंडावर हिणवलं. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवून माझं वर्ष घेतलं. जाताना काकू म्हणाल्या, चहा घेऊन जा. मी घेतला नाही.

१३ सप्टेंबर

तासाला गेलो नाही. माझ्या नावाला वर्गात कोण काय बोललं ते माहीत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

गावी. आबांना विहिरीच्या कडेला बसवून सगळं सांगितलं. भूगोल पाहिजे तर दुसऱ्या कॉलेजात पुढच्या जूनला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. शिष्यवृत्ती पुन्हा मिळेल न मिळेल. तोवर भूजल खात्याच्या बोअरिंग मशीनवर रोजानं काम आहे, मुकादम ओळखीचा आहे. इथंच राहिलो तर दोन वर्षांत पदवी मिळेल, पण हव्या त्या कामाची नाही.

आबांनी त्या कोरड्या विहिरीत एक खडा टाकला. मग म्हणाले, "पंधरा फुटावर म्हाईत झालं हुतं मला."

मी म्हटलं, काय?

"हितं पाणी न्हाय ते. तांबडा पट्टा उलट्या अंगाला कलला हुता. दिसत हुतं की. पण दुष्काळ हुता. तीस माणसं त्या खड्ड्यावर जगत हुती. तुझी माय बी हुती. काम थांबलं असतं. म्या गप्प बसलो अन् अजून पंचेचाळीस फूट खांदलं."

मी म्हणालो, पण तात्यारावांना तुम्ही जागा सांगितली होती ना? ते म्हणाले, "सांगितली, पर कवा? साठ फूट झाल्यावर."

एवढं बोलून उठले. आबा हे आजच मला का सांगत होते, कळलं नाही. माझा विषय वेगळा होता, त्यांनी आपलं जुनं काढलं. वय झालं की माणूस असंच करतो. पण एक गोष्ट खरी, दोन वर्षं मी ती हकिगत सगळ्यांना अभिमानानं सांगत होतो आणि आता तशी सांगता येणार नाही.

निघताना आबा म्हणाले, इथं राहून चुकीच्या जागी अजून खोल जाऊ नको.

२८ सप्टेंबर, शनिवार

कॉलेज सोडल्याचा अर्ज लिहिला. सगळ्या प्राध्यापकांच्या सह्या लागतात. मराठीची झाली, इतिहासाची झाली. मग अण्णांकडं गेलो. त्या दिवशीचं मनात होतं, त्याची माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ दे, तू माझ्या मुलाच्या वयाचा. आणि अर्ज वाचून म्हणाले, तत्त्वज्ञानाची सही राहिली.

सर स्टाफरूममध्ये एकटे होते. सोळा दिवसांत वाळल्यासारखे दिसले. अर्ज वाचला. पेन उघडलं, बंद केलं.

"मंगळवारी देशील?" म्हणाले. "सोमवारी मोजणी आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याचं वर्ष घेतलं त्याच्याकडंच अजून दोन दिवस मागायचे. मी कागद ओढून घेतला आणि बाहेर आलो. सही नसली तरी अण्णांच्या टेबलावर ठेवला की आजच्या तारखेचा शिक्का बसतो, ते मला माहीत आहे. अण्णांची खिडकी उघडी होती. मी तिच्यासमोरून दोनदा गेलो.

३० सप्टेंबर, सोमवार

कॉलेजच्या संस्थेचे दोन सभासद आणि प्राचार्य तासाला आले. सरांनी हजेरी घेतली. आवाज बसला होता. माझं नाव शेवटचं आहे, उशिरा आलो होतो म्हणून. नाव घेताना त्यांनी मान वर केली नाही.

मी हजर म्हणालो.

दहा भरले. माणसं निघून गेली. का बसलो ते मला विचारू नये, मला सांगता येणार नाही. सरांसाठी नक्की नाही. माझा राग जिथल्या तिथं आहे. कदाचित काकूंनी कप काढून घेतला होता त्यासाठी असेल.

तास संपल्यावर सर फळ्याकडं तोंड करून उभे राहिले आणि पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळीच सरांच्या घरी गेलो. उंबऱ्याच्या आत गेलो नाही. तर्कशास्त्राचं पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि अर्ज दिला. सरांनी लगेच सही केली. म्हणाले, "बब्रुवान, मी तुझं कसं फेडू?"

मी म्हणालो, फेडायचं काही नाही. हा अर्ज तुम्हीच प्राचार्यांना द्या.

त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांना वाटलं मी त्यांना माफ केलं. काकू मागं दारात उभ्या होत्या.

मग मी म्हणालो, "सर, पोच द्या."

त्यांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा म्हणालो. ते आत गेले, कागद फाडून आणला, ओट्यावर बसून गुडघ्यावर लिहिला आणि माझ्या हातात दिला. एकही अक्षर हललेलं नाही.

मशीन तेरच्या बाजूला लागलंय, दुपारच्या गाडीनं जातोय. पोच खाली डिंकानं चिकटवली आहे.

'श्री. बब्रुवान आबाराव यांचा कॉलेज सोडल्याचा अर्ज आज दि. १ ऑक्टोबर १९७४ रोजी सकाळी आठ वाजता मला मिळाला. क. म. बिराजदार.'